टाकीला झालेलं अजीर्ण

जिवाणूंना बुंदी खाऊ घालणारी मी यवतमाळ जिल्ह्यातली बहुधा पहिलीच बाई असेन. दुसरी कुणी निघाली तर तिची माझी गाठ घालून द्या, दोघी मिळून पोट धरून हसू.

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका शेडमध्ये आमची टाकी आहे. हजार लिटरची, घट्ट बंद, हवेला आत यायची सक्त मनाई. शहराचं सांडपाणी साफ करताना तळाशी जो काळा, दाट गाळ उरतो, तो ड्रममधून आमच्याकडे येतो. टाकीतले जिवाणू हवेशिवाय तो खातात आणि गॅस सोडतात. शेजारी पोकळ शेवयांसारख्या बारीक नळ्यांचा जुडगा आहे, त्याला आम्ही मेम्ब्रेन म्हणतो. त्याची छिद्रं इतकी सूक्ष्म की पाणी पार होतं आणि जिवाणू, गाळ सगळं मागे राहतं. पहिल्यांदा त्यातून नितळ पाणी आलं तेव्हा मी पेला उजेडात धरून अख्ख्या शेडभर नाचले होते. टाकीचा एकेक जोड ज्यांनी वेल्ड केला ते मिस्त्रीचाचा चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “नाच बेटी, पण पिऊ नको फक्त.”

हे सगळं मला माझ्या बाबांना दाखवायचं होतं. आणि नेमके तेच यायला तयार नव्हते.

बाबा घाटंजीचे आचारी. लग्नसराईत हजार-हजार पानांच्या पंगती उठवतात, आणि त्यांच्या बुंदीचं नाव पार पुसदपर्यंत आहे. लहानपणी मी स्टुलावर उभी राहून त्यांच्या कढईवर झारा धरायचे. पाकाची तार ते बघायचे, झारा माझा. मी या कामाला लागले तसं त्यांनी एक दिवस खाली बघत सांगितलं, “लोक माया हातचं जेवतात बाई. उद्या कोणी म्हणन, याची पोरगी गटाराची घाण ढवळते. तू भट्टीवर नको येत जाऊ आता.” मी वरवर हसले. आत फार लागलं. तेव्हापासून कुणी विचारलं की “पोरगी कंपनीत हाय” एवढंच सांगून ते मिठाकडे वळायचे.

मला वाटायचं, या माणसाला भाषणं देऊन उपयोग नाही. हा जगात फक्त आचेला मानतो. आमच्या गाळातून निघालेली निळी ज्योत एकदा त्याच्या डोळ्यांनी पाहिली की काम फत्ते.

पण ज्योत कुठे होती? विरजण म्हणून आम्ही एका तांड्यावरच्या गोबरगॅसमधली शेणाची रबडी आणून टाकीत ओतली होती. जिवाणू जिवंत होते, पण सरकारी गतीने चालले होते. बर्नरवर अंगठ्याएवढी ज्योत यायची आणि लाजून विझायची. मी मात्र बाबांना फोनवर सांगून बसले होते, “रविवारी या, गॅस दाखवते.” ते म्हणाले, “पाहू.” बाबांचं ‘पाहू’ म्हणजे निम्मं ‘हो’ असतं, हे मला पक्कं माहीत.

त्याच आठवड्यात लोहाऱ्यातच त्यांचं एका लग्नाचं काम होतं. दुसऱ्या सकाळी ते शेडच्या फाटकाशी आले. आत काही आले नाहीत. बुंदीने भरलेला तेलाचा डबा फाटकाबाहेरूनच माझ्या हातात दिला. “उरली होती. तुया लोकाईले दे. वाया नको घालू.”

आम्ही चार माणसं. खाऊन खाऊन खाणार किती? शनिवारपर्यंत पाऊण डबा तसाच. मी एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा टाकीकडे पाहिलं, आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गोडधोड खाल्लं की पोटात गॅस होतो, हे तर कुणालाही कळतं! वाया घालवू नको म्हणाले होतेच. भज्यांचं पीठ कालवावं तशी मी बुंदी पाण्यात कालवली आणि सगळीच्या सगळी टाकीच्या गाळ भरायच्या तोंडाने आत सोडली. मनात म्हटलं, जेवा पोटभर.

रविवारी सकाळी गॅस साठवायचा फुगा टम्म! मापकाचा काटा गरगरत होता आणि त्याच्यासमोर मीही.

बाबा आले. इस्त्रीचा सदरा, नाकावर दुपट्टा. टाकीपासून दहा पावलं लांब उभे राहिले. मी ऐटीत झडप उघडली, काडी लावली. फुस्स. दुसरी लावली, तीही फुस्स. तिसरी तर मला वाटतं घाबरूनच विझली.

“गॅस तं भरपूर हाय बेटी,” मिस्त्रीचाचा म्हणाले, “मंग जळून काहून नाही राह्यला?”

तिकडे मेम्ब्रेनमधून पाणीही थेंब थेंब येत होतं, बुंदीच्या तेलाने पार तुंबली होती ती. आता बाबा वळणार, फाटकाबाहेर जाणार, आणि भट्टी मला कायमची बंद.

बाबा वळले नाहीत. त्यांनी दुपट्टा नाकावरून खाली केला. एक पाऊल पुढे आले, मग आणखी एक. टाकीच्या तोंडाशी वाकून त्यांनी चक्क दीर्घ वास घेतला.

“आंबलं हे,” ते म्हणाले. “अजीर्ण झालं याले. काय खाऊ घातलं तू?”

मी आम्लता मोजली. यंत्र तेच सांगत होतं, फक्त आकड्यात. भराभर खाणाऱ्या जिवाणूंनी गोडावर ताव मारून आम्ल करून ठेवलं होतं, आणि जळणारा गॅस करणारे बिचारे सावकाश जिवाणू त्यात गुदमरले होते. फुगा भरला होता तो न जळणाऱ्या वायूने.

“बुंदी,” मी म्हटलं.

“कोणती बुंदी?”

“तुमची.”

“माई बुंदी?” त्यांनी विचारलं. “या टाकीले?”

मी मान हलवली. बाबांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं राग आला. वर पाहिलं तर डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत हसत होते, आणि चाचा भिंतीला टेकून त्यांना साथ देत होते. “अव बाई,” बाबांना शब्द फुटेना, “आजाऱ्याले पेज देतात व, बुंदी नाही! आता खायचा सोडा टाक आन् राहू दे उपाशी.”

पुस्तकातही हाच इलाज आहे. मी सोडा घातला, खाणं बंद केलं, मेम्ब्रेन धुऊन काढली. आणि रोज सकाळी घाटंजीहून फोन यायचा, “आज कसं हाय त्याचं? काही घेतलं का?” इतक्या वर्षांत बाबांनी माझ्या कामाबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. मी फोन ठेवून उगीचच उड्या मारायचे.

तीन आठवड्यांनी ज्योत लागली. निळी, स्थिर, मोठ्या गॅसला शोभेल अशी. बाबा पिशवी घेऊन आले आणि सरळ आत शिरले. पिशवीतून लहान कढई, तेल, बेसन, साखर आणि झारा निघाला. आच बारीक-मोठी करून पाहिली, “चालते,” म्हणाले. तेल तापलं, पहिला घाणा निघाला. पहिला घास ते नेहमी भट्टीच्या आगीला देतात. या वेळी एक दाणा चिमटीत धरून त्यांनी विचारलं, “याचं तोंड कुठं हाय?”

मी झाकण उघडलं. त्यांनी हात जोडून तो दाणा टाकीत सोडला. “एकच हं,” तिला बजावलं.

मग मागे न बघता त्यांनी झारा माझ्यापुढे धरला. “धर. पाक मी पाह्यतो.”

मी झारा इतका तिरका धरला की बुंदीला शेपट्या आल्या. मी रडत होते की हसत होते, मलाच कळेना. आणि बाबा चाचांच्या देखत, अख्ख्या शेडला ऐकू जाईल अशा त्यांच्या जुन्या भट्टीवरच्या आवाजात ओरडले, “हात सरळ ठेव व! किती डाव सांगू तुले?”

मी हात सरळ केला.