साडेचौदा हजारांचा सेन्सर

देवीवर माझा राग होता, हे आधीच कबूल करतो. पत्नी गेली तेव्हा लोक म्हणाले, "अहेव गेली, भाग्याची." त्या भाग्याला मी मनातून कोपरापासून हात जोडले. पूर्वी दर पौर्णिमेला आम्ही दोघं नाशिकरोडहून गाडीनं सप्तशृंगी गडावर जायचो. ती गेल्यावरही मी जात राहिलो, पण भक्तीनं नव्हे. घरात बोलायला कोणी नव्हतं, आणि गाडीतली शेजारची सीट निदान ओळखीची वाटायची.

वर्षश्राद्धानंतरचा पहिला दसरा आला. गाडीची पूजा नेहमी तीच करायची, माझं काम फक्त किल्ली देण्याचं. या वेळी एकटाच ताम्हन घेऊन खाली उतरलो. वाटलं, गाडीचा खरा जीव आत आहे, वरवर पूजा कशाला? बॉनेट उघडलं, बॅटरीवर नारळाचं पाणी शिंपडलं आणि तिच्या करंड्यातलं सगळं कुंकू त्यावर ओतलं. घरात आता ते लावणार कोण? रिकामा करंडा गाडीतल्याच कप्प्यात ठेवून दिला. जन्मभर शाळेत क्लार्क म्हणून लोकांच्या चुका काढल्या, स्वतःची मात्र दिसली नाही.

दोन महिन्यांनी गाडी कुरकुरायला लागली. डॅशबोर्डवर दिवा लागायचा, गाडी कधी सुरू व्हायची, कधी नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये कॉम्प्युटर लावून त्यांनी सांगितलं, "काका, बॅटरीचा सेन्सर गेलाय. बदलायला साडेचौदा हजार." पुण्याहून मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, महिन्यातून एकदा बाहेर काढता, तेवढ्यासाठी कशाला खर्च? विकून टाका." त्याचं काही चुकत नव्हतं. पैसे नव्हते असंही नाही. पण एका म्हाताऱ्याच्या एका फेरीसाठी एवढे घालायचे, हे माझं मलाच पटेना. सोमवारी त्यानंच बघितलेलं गिऱ्हाईक येणार होतं. रविवारी पौर्णिमा होती. शेजाऱ्याच्या गाडीला वायर जोडून माझी गाडी सुरू करून घेतली आणि देवीला शेवटचं सांगायला निघालो की आता माझं येणं होणार नाही.

गडाच्या पायथ्याला, नांदुरीच्या अलीकडे चहाला थांबलो आणि सवयीनं इंजिन बंद केलं. झालं! पुन्हा सुरू होईना. टपरीला लागूनच पंक्चरचं दुकान होतं. दोन्ही एकच जोडपं चालवायचं; चहा बायको करायची, पंक्चर नवरा काढायचा. त्यानं हात पुसत बॉनेट उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, ह्याच्यावर काय सांडलं?"

"कुंकू," मी म्हणालो. "दसऱ्याचं."

तो खदखदून हसला. "अगं, उकळतं पाणी आण इकडं. बाबांनी बॅटरीला मळवट भरलाय!"

त्यानं बॅटरीची वायर सोडवली. ती गरम पाणी ओतत होती, तो जुन्या टूथब्रशनं घासत होता. लाल पाणी खाली मातीत जिरायला लागलं आणि मला भर रस्त्यात रडू फुटलं. पत्नीच्या चितेजवळसुद्धा मी रडलो नव्हतो. त्या बाईनं विचारलं, "कुणाचं होतं, बाबा?" मी सांगितलं. तिनं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "गाडीला बोटभर लावायचं असतं. बाकीचं बायामाणसाला द्यायचं."

नवऱ्यानं सगळं कोरडं करून वायर पुन्हा बसवली. "सेन्सर गेलेला नाय. कुंकवानं गंज धरला व्हता नुसता. लावा चावी."

गाडी सुरू झाली. पाकिटासाठी कप्पा उघडला, तर तो म्हणाला, "गरम पाण्याचे काय पैसे घेऊ? ऱ्हाऊ द्या." बाईची नजर करंड्यावर गेली. "ह्याच्यात गडावरचं कुंकू आणा मला. पायथ्याला ऱ्हाऊन वर जायला सवड नाय. उतरताना थांबा, मी वाट बघते."

मी वाट बघते! दीड वर्षात हे मला कोणी म्हटलं नव्हतं. घाट चढताना तेवढंच डोक्यात होतं. देवीसमोर उभा राहिलो आणि ठरवून आणलेलं एकही वाक्य आठवेना. राग शोधला, तोही सापडेना. करंडा तेवढा पुढे केला. पुजाऱ्यानं तो काठोकाठ भरून दिला.

उतरताना ती खरंच रस्त्याच्या कडेला उभी होती. तिनं एक बोट कपाळाला लावलं, एक बॉनेटला. उरलेलं कागदाच्या पुडीत काढून घेतलं आणि करंडा मला परत दिला. "पुढच्या पौर्णिमेला पुन्हा भरून आणा," म्हणाली.

तिथूनच मुलाला फोन केला की गिऱ्हाईकाला नको म्हणून सांग.

याला कोणी कृपा म्हणेल, कोणी टूथब्रश म्हणेल. मी वाद घालत नाही. शेजारची सीट आजही रिकामीच असते आणि घरी आल्यावर कुलूप मलाच उघडावं लागतं. देवीकडे मी काही मागितलं नव्हतं, मागायची ताकदच उरली नव्हती. तरी तिनं मला एक काम दिलं. आता दर पौर्णिमेला करंडा रिकामा घेऊन निघतो, आणि तो रिकामा आहे याचं वाईट वाटत नाही.