शशीकाकूंचं वाण

शशीकाकू कुठलंही पुस्तक शेवटाकडून उघडायच्या. कादंबरीचा शेवट आधीच वाचून टाकणाऱ्या उतावळ्या वाचकांपैकी त्या नव्हत्या. त्यांचं कारण वेगळं होतं. इंटरनेटवर फुकट मिळणारं स्कॅन केलेलं पुस्तक पुष्कळदा मध्येच संपतं. कोणीतरी मोठ्या उत्साहानं सुरुवात केलेली असते, मुखपृष्ठ छान सरळ आलेलं असतं, प्रस्तावनाही असते. पण शेवटाकडे येईपर्यंत त्या माणसाला कंटाळा आलेला असतो. मग पानं तिरकी होतात, मग कडेला त्याचा अंगठा दिसायला लागतो आणि मग पुस्तकच गायब होतं. म्हणून काकू आधी शेवटचं पान बघत, मग अनुक्रमणिका, मग मधली दोन-चार पानं, आणि मगच ते पुस्तक आमच्या ग्रुपवर टाकत. "फुकट मिळतंय म्हणून काय खडे खायचे?" असं त्यांचं म्हणणं. तांदूळ निवडायला बसावं तशा त्या रोज सकाळी लॅपटॉप घेऊन सोसायटीच्या बागेत उन्हात बसायच्या.

फरीदाबादला आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर त्या एकट्या राहत. सगळी नोकरी केंद्र सरकारात झाली, दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या एका ऑफिसात, पत्रव्यवहाराच्या विभागात. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा बंगळूरला होता. निवृत्त झाल्यावर बायका भजनाला जातात किंवा गुडघ्याच्या डॉक्टरकडे. काकू इंटरनेटवर गेल्या. दिल्लीपासून गुरुग्रामपर्यंतची मराठी कुटुंबं त्यांच्या ग्रुपवर होती आणि ज्याला जे शिकायचं असेल ते त्यानं काकूंना सांगायचं, असा शिरस्ता पडला होता. कोणाच्या मुलाला भौतिकशास्त्राची व्याख्यानं हवी असत, कोणाच्या सासूबाईंना मोठ्या अक्षरातल्या गोष्टी. काकू शोधून देत आणि खाली शेरा मारत: "सर उत्तम शिकवतात. विनोदही करतात, तेवढं सहन करा."

माझी आणि त्यांची ओळख संक्रांतीच्या हळदीकुंकवाला झाली. मी सांगलीची, शिकून नर्स झालेली. नवऱ्याची नोकरी फरीदाबादच्या कारखान्यात, म्हणून लग्नानंतर इकडे आले. मग ईरा झाली आणि नर्सिंग मागे पडलं ते पडलंच. त्या दिवशी सोसायटीच्या हॉलमध्ये दिल्लीची हाडं गोठवणारी थंडी होती. पैठणीवर स्वेटर, स्वेटरवर शाल आणि पायांत मोजे घालून चपला, अशा थाटात आम्ही सगळ्या बसलो होतो. "आई, वाण म्हणजे रिटर्न गिफ्ट ना?" असं ईरानं सगळ्यांसमोर विचारलं, तेव्हा मला कुठे तोंड लपवू असं झालं. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून काकू म्हणाल्या, "बिल्कुल. फक्त इथे वाढदिवस कोणाचाच नसतो."

बाकीच्यांनी वाण म्हणून वाट्या आणि प्लॅस्टिकचे डबे आणले होते. काकूंनी तिळगुळाच्या पुडीबरोबर एकेक कार्ड आणलं होतं आणि त्यावर फोननं स्कॅन करायचा काळा-पांढरा चौकोन. स्कॅन केला की फुकट वाचता येणाऱ्या, काकूंनी तपासलेल्या पुस्तकांचं पान उघडणार. यजमानीण हळदीकुंकू लावत लावत काकूंसमोर आली आणि तिचा हात अडखळला. काकू विधवा. लावावं तरी पंचाईत, न लावावं तरी पंचाईत. काकूंनीच तिला सोडवलं. "मला राहू दे गं. माझ्या वाणाला लाव, चलो."

तिला इतकं हायसं वाटलं की तिनं कार्डाला भरघोस हळद लावली, कुंकू लावलं, वर अक्षताही टाकल्या. ते बघून पुढच्या बायकांनीही आपापल्या कार्डाला कुंकू लावलं. नव्या वस्तूला लावतोच की आपण. आणि लावताना ते मधोमध लावायचं, हेही आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर एकच गोंधळ. एकाही फोनला तो चौकोन वाचता येईना. एकीच्या नवऱ्यानं ओल्या फडक्यानं पुसायला घेतलं तर अख्खं कार्ड गुलाबी झालं. एकीच्या सासूबाईंनी लावलेलं कुंकू पुसायला साफ नकार दिला आणि कार्ड देवघरात ठेवून दिलं. काकू बागेत बसून एकेक मेसेज वाचत होत्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या.

पुढच्या वर्षीच्या कार्डावर चौकोनाच्या शेजारी एक छोटं रिकामं वर्तुळ छापलेलं होतं आणि त्याखाली लिहिलं होतं, "कुंकू इथे." त्या वर्षी हळदीकुंकवाची कुयरी माझ्या हातात होती. मी काकूंना न विचारताच त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. "अगं, गोल तिकडे आहे," त्या म्हणाल्या. पण संध्याकाळी दूध आणायला बाहेर पडल्या तेव्हाही ते कुंकू कपाळावर होतं. मला फार बरं वाटलं.

त्याच सुमारास सरकारी रुग्णालयांतल्या नर्सेसच्या भरतीची जाहिरात आली. माझ्यासाठी ती शेवटची होती. पुढच्या भरतीपर्यंत मी वयाच्या अटीत बसणार नव्हते. क्लास दिल्लीच्या दुसऱ्या टोकाला आणि ईरा शाळेतून दुपारी घरी यायची. शिकलेलं निम्मं विसरले होते आणि उरलेलं निम्मं बदललं होतं. मी काकूंना सांगितलं तेव्हा मला वाटलं, त्या दोन पुस्तकं शोधून देतील. त्यांनी मलाच ताब्यात घेतलं. सरकारी विद्यापीठांची फुकट व्याख्यानं, आरोग्य खात्याच्या पुस्तिका, सरावाच्या प्रश्नपत्रिका, सगळं त्यांनी जमवलं आणि पाठवण्याआधी स्वतः पाहिलं. पत्रव्यवहारात आयुष्य गेलेली ही बाई जंतुसंसर्गावरची व्याख्यानं ऐकून इतकी भारावली की भाजीवाल्यालाही हात कसे धुवावेत ते शिकवू लागली. लिफ्टमध्ये भेटल्या की विचारायच्या, "मूल जन्मल्यावर आधी काय बघायचं, सांग." लिफ्टमधले बाकीचे लोक वरच्या आकड्यांकडे बघत उभे राहायचे.

आमचं एकदाच बिनसलं. माझ्याबरोबर परीक्षेला बसणाऱ्या नीतूनं मला एका ग्रुपवरून सगळ्या पुस्तकांचा संच पाठवला, कोणीतरी परस्पर स्कॅन करून सोडलेला. त्यातलं एक पुस्तक मला खरोखर हवं होतं. लहान मुलांच्या शुश्रूषेवरचं, लखनौच्या एका निवृत्त प्राध्यापिकेनं लिहिलेलं. प्रकाशकानं गाशा गुंडाळल्यामुळे ते बाजारात मिळत नव्हतं. मी आनंदानं फोन काकूंपुढे धरला. त्यांनी शेवटचं पानसुद्धा उघडलं नाही.

"हे कोणी दिलं?"

"नेटवर आहे काकू. फ्री आहे."

"फ्री आहे, की सुटं सापडलंय? दिलेलं वेगळं, सापडलेलं वेगळं."

मी चिडले. म्हणाले, "काकू, तुम्हाला पेन्शन आहे. मला परीक्षा आहे."

"बिल्कुल. म्हणून तू अभ्यास कर, मागायचं काम मी करते. आधी मागून तर बघू. नाही म्हणाल्या तर तेव्हा बघू."

मागणं ही काकूंची खरी कला होती. एखादं पुस्तक फुकट मिळत नसलं की त्या सरळ लेखकाचा पत्ता शोधून काढत आणि त्याला अर्ज करत. विषय, संदर्भ, विनंती, सगळं सरकारी शिस्तीत. पुष्कळजण उत्तर देत नसत. पण जे देत ते भरभरून देत. एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी तर आपली जन्मभराची टिपणं पाठवली होती आणि वर लिहिलं होतं, की आजवर कोणी मागितलीच नव्हती.

लखनौचा अर्ज त्यांनी माझ्यासमोर बसून लिहिला आणि मोठ्यानं वाचून दाखवला. "विषय: पुस्तक निःशुल्क पढ़ने की अनुमति के संबंध में. महोदया, एक प्रशिक्षित नर्स, एक बच्ची की माँ, नौकरी में लौटना चाहती है."

"काकू, मी एखादी फाइल असल्यासारखी वाटतेय," मी म्हणाले.

"फाइलच आहेस. अडकलेली. पुढे सरकवायचीय तुला."

नीतूनं दिलेला संच मी डिलीट केला, पण रागारागानं. तत्त्व वगैरे मला काही पटलं नव्हतं. काकू लिफ्टमध्ये विचारतील ही धास्ती होती. आजही मला वाटतं, की परीक्षा तोंडावर आलेल्या माणसाला इतकं ताणू नये. लखनौहून उत्तर आलं नाही. लहान मुलांचा तो भाग मी काकूंनी शोधलेल्या व्याख्यानांवरच केला आणि परीक्षेला गेले. निकाल लागला तेव्हा यादीत माझं नाव होतं. मी जिन्यानं धावत खाली गेले. काकूंनी चष्मा लावून माझ्या फोनवर ते नाव स्वतः वाचलं, वडिलांचं नाव जुळतंय का तेही बघितलं आणि मग मला मिठी मारली. म्हणाल्या, "झालं. फाइल निकाली." मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.

दिल्लीतल्या एका सरकारी रुग्णालयात, लहान मुलांच्या वॉर्डात मी रुजू झाले. मेट्रोनं जाण्या-येण्यात माझे दिवस भराभर जाऊ लागले, तसा काकूंचा दम कमी होऊ लागला. दिवाळीनंतरच्या धुरकट हवेनं त्यांची छाती जी भरली ती मोकळी झालीच नाही. फरीदाबादच्याच दवाखान्यात त्यांना ठेवलं होतं. मुलगा येऊन राहिला होता. मी ड्युटी संपली की तिथे जायचे. एकदा त्यांनी नाकावरचा मास्क बाजूला करून विचारलं, "लखनौच्या बाईंचं उत्तर आलं का?"

"नाही काकू. आणि आता काय करायचंय? परीक्षा झाली, नोकरीही लागली."

"आपण मागितलंय ना? मग उत्तर आलं पाहिजे. तुझ्यामागे कोणी नाही का यायचं?" जरा थांबून, श्वास जमवून त्या म्हणाल्या, "एक स्मरणपत्र टाक. खाली तुझा नंबर दे. माझा आता नको."

मी मास्क परत नाकावर बसवला आणि हो म्हणाले. पुढच्या आठवड्यात काकू गेल्या. इतक्या मृत्यूंच्या शेजारी उभी राहिलेली मी, पण त्या दिवशी मला काय करावं ते सुचत नव्हतं. सकाळी बागेतली ती उन्हातली जागा रिकामी बघवेना, म्हणून मी बरेच दिवस मागच्या फाटकानं मेट्रोला जायचे.

स्मरणपत्र मात्र पाठवलं. काकूंच्या जुन्या अर्जाची भाषा तशीच ठेवून, संदर्भ देऊन.

संक्रांत जवळ आली असताना एका दुपारी वॉर्डात माझा फोन वाजला. पलीकडून म्हाताऱ्या, स्वच्छ आवाजात हिंदी ऐकू आली. "वैशाली जी? आपका रिमाइंडर मिला. पहला पत्र भी मिला था, आँख का ऑपरेशन हुआ, बात रह गई. शशिकला जी कैसी हैं?"

मी सांगितलं. मग त्यांनी हलकेच विचारलं,

"और वो लड़की? जिसे नौकरी में लौटना था?"

"लौट गई, मैडम. मैं ही हूँ. वार्ड से बोल रही हूँ."

"अच्छा," त्या म्हणाल्या. आवाजात हसू होतं. "तो अब किताब का क्या करेंगी?"

"मेरे पीछे और भी हैं, मैडम," मी म्हणाले.

पुस्तक आलं. बाईंनी नातीला हाताशी धरून घरच्या प्रतीचे फोटो काढले होते. मी मेट्रोत उभ्या उभ्या आधी शेवटचं पान उघडलं. पान होतं. किंचित तिरकं होतं आणि ते सपाट धरून ठेवणारा एक सुरकुतलेला अंगठा कडेला दिसत होता. मग अनुक्रमणिका बघितली, मग मधली पानं. घर येईपर्यंत एकूण एक पान बघून झालं होतं.

या संक्रांतीला मी वॉर्डातल्या नव्या मुलींसाठी तिळगुळ नेला आणि त्याबरोबर कार्डं, काकूंच्या कार्डासारखीच, फक्त चौकोन लखनौच्या पुस्तकाचा. छापणाऱ्यानं विचारलं होतं, हा गोल कशाला, चुकून आलाय का? मी म्हटलं, राहू दे. केरळहून आलेली जिन्सी, आमच्यातली सगळ्यात नवी, तिला तो गोल कशासाठी ते मी समजावून सांगितलं. तिनं माझ्या डबीतलं कुंकू बोटावर घेऊन अगदी रेषेच्या आत लावलं आणि फोन काढला.

"पहले आखिरी पन्ना देखो," मी म्हणाले.

तिनं बघितलं. "सिस्टर, यहाँ किसी का अँगूठा आ गया है. काट दूँ?"

"रहने दो," मी म्हणाले. "देने वाली का है."