सुधारगृहातलं जुनं कपाट

नव्वदच्या दशकात मी बंगळूरला बँकेत होते. मूळची बेळगावची, त्यामुळे मला कन्नड आणि मराठी दोन्ही येतं, हे कुणीतरी मुलांच्या सुधारगृहाच्या अधीक्षकांच्या कानावर घातलं. त्यांच्याकडे कोल्हापूरकडचा एक पंधरा वर्षांचा पोरगा आला होता. दुकानाचं कुलूप उघडताना सापडलेला, मराठीखेरीज काही न येणारा. दर शनिवारी बँक सुटली की मी त्याला कन्नड शिकवायला जाऊ लागले.

इमारत इंग्रजांच्या राणीच्या राज्यातली. तेव्हाही तिथे असलीच पोरं ठेवत. एका शनिवारी गेले तर अधीक्षक घामाघूम झालेले. सोमवारी तपासणीला येणाऱ्या साहेबांना जुनी दप्तरं बघायची होती आणि ती ज्या लोखंडी कपाटात होती त्याची किल्लीच सापडत नव्हती.

"मॅडम, तुमच्या त्या मुलाला स्वल्प बघ म्हणावं," ते माझी नजर चुकवत म्हणाले.

मी पोराला सांगितलं. तो हाताची घडी घालून उभा राहिला. "ताई, पुन्हा कुलपाला हात लावणार नाही असं मी यांना लिहून दिलंय. सही केलीय."

मी ते कन्नडमध्ये सांगितल्यावर अधीक्षकांनी थोडा विचार केला, कागद घेतला आणि 'सदर मुलास सदर कुलपास हात लावण्याची परवानगी देण्यात येत आहे' असं लिहून शिक्का मारला. पोराने तो माझ्याकडून वाचून घेतला, खिशात ठेवला आणि तारेचा तुकडा मागितला.

तासभर तो झटला. स्वयंपाकाच्या अक्का दोनदा चहा देऊन गेल्या. शेवटी अधीक्षक वैतागले. "अरे, तू चोर आहेस ना?"

पोराचे कान लाल झाले. "साहेब, हे येत असतं तर मी इथे असतो का?"

मी कसंबसं भाषांतर केलं. अधीक्षक पोट धरून हसले आणि बंगळूरच्याच शिवाजीनगरातून एका म्हाताऱ्या किल्लीवाल्याला बोलावलं. त्याने पाच मिनिटांत कपाट उघडलं. पोराची तार हातात घेऊन म्हणाला, "बेटा, इससे तो कान भी साफ नहीं होता."

आत वाळवीने खाल्लेल्या वह्या होत्या. अधीक्षकांनी एक नोंद मोठ्याने वाचली: वय अकरा, दोन पेरू चोरले, शिक्षा तीन वर्षं. मी ती मराठीत सांगितली. पोरगा वहीवर वाकला.

"त्याला घरचं कुणी भेटायला यायचं का?"

ते वहीत लिहिलेलं नव्हतं. हा प्रश्न त्याने स्वतःसाठी विचारला होता, हे मला परतताना बसमध्ये कळलं. त्याच्याकडून पत्ता घेऊन मी त्याच्या गावी कार्ड टाकलं.

महिन्याभराने आई आली. पोराला बघून आधी रडली, मग अधीक्षकांकडे वळली. "माझं पोर पार वाळलंय. तुमच्याकडं काय उपाशी ठेवत्यात का?"

अधीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. "त्या तुमचे आभार मानतायत," मी कन्नडमध्ये म्हणाले.

"सरी, सरी," बरं बरं म्हणत त्यांनी हात जोडले.

पण पोराला तोवर बऱ्यापैकी कन्नड येऊ लागलं होतं. "आई तसं नाही म्हणाली," तो म्हणाला, आणि ती काय म्हणाली ते शब्दाला शब्द सांगून मोकळा झाला.

जोडलेले हात खाली आले. मग अधीक्षकांनी अक्कांना हाक मारून मायलेकरांना जेवायला वाढायला सांगितलं. माझ्याशी मात्र ते त्या दिवशी बोलले नाहीत.