काढा कोण नासवतं?

तिसरी बिअरही आंबट निघाली, तेव्हा सासूबाईंवरचा माझा संशय पक्का झाला.

त्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या नोव्हायच्या अपार्टमेंटमध्ये मी घरी बिअर करायला लागलो होतो. बायकोला सातवा महिना, म्हणून तिची आई मनमाडहून आली होती. माल्टचा काढा तासभर उकळायचा, मग झटपट गार करून त्यात यीस्ट घालायचं. रेंगाळलं तर भलतेच जंतू शिरतात. गार करायला मी तांब्याच्या नळीचं वेटोळं पातेल्यात सोडायचो आणि त्यातून नळाचं पाणी खेळवून सिंकमध्ये जाऊ द्यायचो.

"एवढं पाणी?" सासूबाई पहिल्याच वेळी म्हणाल्या. त्यांच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. पुढच्या वेळी कारभार त्यांनीच हातात घेतला. नळीतून थोडंसंच पाणी सोडायचं, तेही बादलीत धरून कपड्यांना वापरायचं. मग पातेलं टबात ठेवून भोवती बाल्कनीतला बर्फ ठासायचा. काढा माझ्या पद्धतीपेक्षा लवकर निवायचा. मला त्याचा रागच यायचा.

मी त्यांच्याकडे पाहिलं की त्या झाकण ठेवून मागे सरकायच्या. चोराच्या मनात चांदणं, मी मनाशी म्हणायचो. पातेलं, नळी, थर्मामीटर सगळं मी निर्जंतुक करून घेत होतो, मग नासवणारं उरलं कोण? लिंबू पिळत असतील म्हणून मी फ्रिजमधली लिंबं मोजली. चारच्या चार होती. मग मला ताकाचा संशय आला.

शेवटी बायकोला सांगितलं, "तुझी आई त्यात काहीतरी घालते."

"तू सीरियस आहेस? यार, ती पाण्याचा थेंब वाया घालवत नाही," ती म्हणाली. "तिचं तिकीट चेंज करू का? डिलिव्हरी तू एकटा मॅनेज करशील?"

तिथल्या भिंती पातळ. चौथ्या वेळी सासूबाई टबाजवळ आल्याच नाहीत. दाराशी खुर्ची टाकून बसल्या, दोन्ही हात मांडीवर, मला दिसतील असे. बर्फ मीच ठासला. थर्मामीटर बघितला, आकडा बरोबर होता.

"निवालं?" त्यांनी विचारलं.

"हो," म्हणालो, आणि खाली पाहिलं. माझी करंगळी पातेल्यात होती. अमेरिकेला येण्याआधी आईने विरजण लावायला शिकवलं होतं: दुधात बोट घालून बघायचं, मगच विरजण. ती सवय हाताला लागली होती. निर्जंतुक केलेल्या काढ्यात माझं उघडं बोट.

"दर वेळी असंच बघता," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, बिअरची रीतच तशी."

तिन्ही वेळा माझ्या उत्साहावर विरजण मीच घातलं होतं. मला भयंकर लाज वाटली.

"मी बॅग भरायची की राहायचं, तेवढं सांगा, जावईबापू."

'राहा' तरी कोणत्या तोंडाने म्हणणार? ओली करंगळी तशीच धरून मी उभा राहिलो.