रशीदचा पेला

धार काढत होतो तेव्हा शबानाचा फोन आला. "काका, अब्बा गेले." मी म्हटलं, "बरं." हात थांबेनात... चरवी भरल्यावर कळलं, रशीदची पोरगी काय म्हणाली ते.

रशीद माझा हडपसरच्या शाळेपासूनचा दोस्त. मंडईजवळ वजनकाटे दुरुस्त करायचा. गुंजभर खोटं खपवून घ्यायचा नाही. एका व्यापाऱ्याला म्हणाला होता, "काटा ठीक आहे, शेठ. बिघाड तुमच्या अंगठ्यात आहे." दर रविवारी सकाळी स्कूटरवरून मांजरीला माझ्या गोठ्यावर यायचा. लहानपणच्या सांधेतापानं त्याच्या हृदयाची एक झडप अधू झालेली, म्हणून धारोष्ण दुधाचा आग्रह माझाच. "पिशवीतलं पाणी सोड, हे पी. हत्तीचं बळ येईल." गोठ्यातल्या खिळ्यावर टांगलेला त्याचा कानवाला पेला रिकामा करून, फेस पुसत तो म्हणायचा, "हत्ती राहू दे, जिना चढता आला तरी पुरे."

मग रोज संध्याकाळी बारीक ताप यायला लागला, घाम, अंग गळून गेलं. दोन महिन्यांनी मोठ्या दवाखान्यात कळलं, त्या अधू झडपेवर जंतूंनी घर केलंय. पण कुठला जंतू, ते रक्तात सापडेना. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कच्चं दूध वगैरे पिता का?" मी पलंगाशीच उभा होतो. रशीदनं माझ्याकडे पाहिलं. "नाही मॅडम. चहाच." त्या गेल्यावर मला म्हणाला, "तुझे रतीब तुटले असते रे. म्हशींना कशाला कोर्टात उभं करायचं?"

मला हायसं वाटलं. लिहिताना लाज वाटते, पण वाटलं. त्याच हंगामात माझी एक म्हैस गाभडली होती, दिवस भरायच्या आतच गर्भ पडला होता, तेही मी गिळून टाकलं. दहा दिवसांनी रक्तातला जंतू उगवला... क्वचितच झडपेवर बसणारा, जनावरांचा गाभ पाडणारा, त्यांच्या कच्च्या दुधातून येणारा. औषध बदललं, ऑपरेशन ठरलं. त्याआधीच झडप फाटली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी कळलं असतं तर..."

आता म्हशी तपासून घेतल्यात. रतीबाच्या घरोघरी "उकळूनच प्या" म्हणून सांगतो. का, ते आजवर सांगितलं नव्हतं. आता रतीब तुटले तर तुटोत.

गेल्या रविवारी शबाना गोठ्यावर आली. "अब्बांचा पेला आठवण म्हणून नेऊ का? ते म्हणायचे, काकांच्या दुधावरच टिकलोय." पुढच्या वेळी ने, म्हणालो. तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून हे लिहिलं. पेला खिळ्यावरच आहे. शबाना, हे वाचूनही तुला तो हवा असेल, तर ये.