काकांच्या डब्यातलं तेल

माझ्या नवऱ्याच्या कमरेचं ऑपरेशन झालं त्या वर्षी ट्रॅक्टर माझ्या हातात आला. लग्नानंतर त्यानंच मला चालवायला शिकवलं होतं, पण ते हौसेपुरतं. आमचं शेत घनसावंगीच्या अलीकडे, कालव्याच्या पलीकडच्या अंगाला. उसाचा खोडवा, म्हणजे बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस, तुटून गेला होता आणि रान कडक व्हायच्या आत नांगरून टाकायचं होतं. डॉक्टरांनी नवऱ्याला खाली वाकायचंही नाही असं बजावलेलं. मग मीच स्टिअरिंग धरलं.

दुसऱ्याच दिवशी नांगर वर-खाली करणाऱ्या लिफ्टचा तेलाचा पाइप फुटला. काळ्या मातीत तेलाचं थारोळं झालं. शेजारच्या रानातले काका धावत आले. माझ्या सासऱ्यांच्या वयाचे, शांत माणूस. वीस-पंचवीस वर्षांचा जुना ट्रॅक्टर त्यांनी अजून पोटच्या पोरासारखा जपलेला. त्यांनी स्वतः मोटारसायकलवर जाऊन पाइप आणला, बसवून दिला. तेल मात्र निम्म्याच्या खाली गेलं होतं.

"आता तेलासाठी अजून हेलपाटा कशाला, सूनबाई? माझ्याकडं डबा हाय. हायड्रोलिकचंच हाय. मी कायम हेच टाकून राह्यलो."

मी म्हटलं, "चालंल ना, काका?"

"बिलकुल. तेल ते तेल."

त्यांनी डबा आणला आणि ओतला. मला तर हायसं वाटलं. घरी नवऱ्याला फोन करून विचारावं हे डोक्यातही आलं नाही. विचारलं असतं तर तो पडल्या पडल्या काळजी करत बसला असता.

एक दिवस बरा गेला. मग नांगर वर उचलताना लिफ्ट थरथरू लागली. ब्रेक दाबला की मागच्या चाकातून कुईऽऽ असा आवाज यायचा. मला वाटलं, माती अडकली असेल.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी कालव्याच्या भरावावरून खाली उतरत होते. ब्रेक दाबला. आवाज आला, पण ट्रॅक्टर थांबेना. पुन्हा दाबला. उतार संपतो तिथं बायका बोअरवर धुणं धूत होत्या. मी ओरडले, "बाजूला व्हा!" आणि काही न सुचून लिफ्टचा दांडा खाली ढकलला. नांगर धाडकन जमिनीत रुतला, ट्रॅक्टरनं हिसका दिला आणि थांबला. त्या बायकांपासून पंधरा-वीस पावलांवर. मी कशीबशी खाली उतरले. त्यातल्याच एकीनं मला धरून बसवलं, पाणी पाजलं.

काका मिस्त्रींना घेऊन आले. मिस्त्रींनी तेल मोजायची दांडी बाहेर काढली. तिच्यावर पांढुरका फेस होता.

"ह्याच्यात काय टाकलं?" त्यांनी मला विचारलं.

काका बाजूलाच उभे होते, त्यांच्या तोंडावर कसं सांगायचं?

"मी टाकलं," काकाच म्हणाले. "माझ्या ट्रॅक्टरचं."

मिस्त्री रागावले नाहीत. बोटावर फेस चोळत म्हणाले, "तुमचा जुना ट्रॅक्टर, काका. त्याचे ब्रेक कोरडे. ह्याचे ब्रेक तेलात बुडलेले असतात. लिफ्ट, गिअर आन ब्रेक, सगळ्याला एकच तेल. तुमचं तेल वाईट न्हाई, पण ह्याच्यासाठी न्हाई. दोन्ही एकात गेली की फेस धरतंय, ब्रेक घसरत्यात. ट्रॅक्टरच्या पुस्तकात लिहिलेला तेलाचा नंबर बराबर जुळला तर कंपनी दुसरी असली तरी एकवेळ भर घालता येती. न्हाई जुळला, तर टाकूच नका."

सगळं तेल काढलं, फिल्टर बदलला, नवीन भरलं, थोडं चालवून तेही काढून पुन्हा नवीन भरलं. काका शेवटपर्यंत थांबले. दुसऱ्या दिवशी ते दिसले नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाहीत.

मीच त्यांच्या घरी गेले. ते ओसरीवर बसले होते.

"सूनबाई, तिथं माझी सूनबी धुणं धूत व्हती, तिनंच तुम्हाला पाणी पाजलं," ते म्हणाले. "तुम्हाला काय झालं असतं तर? तिला झालं असतं तर? मला झोप न्हाई."

त्या गडबडीत मी तिला ओळखलंच नव्हतं. मी म्हटलं, "काका, विचारायचं मलाबी सुचलं न्हाई. माझ्याकडं पुस्तक होतं, मीच उघडलं न्हाई." ते मान हलवत राहिले. समजूत पटली असं वाटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा जुना ट्रॅक्टर आमच्या रानात उभा होता, आणि दुपारपर्यंत राहिलेली सगळी पट्टी त्यांनी नांगरून दिली.

उताराची गोष्ट मी घरी सांगितलीच नव्हती. नवऱ्याला तेल बदललं एवढंच माहीत होतं. तो हिंडू-फिरू लागल्यावर काका एका संध्याकाळी चहाला आले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं, स्वतःची चूक जराही न लपवता.

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मग काकांना म्हणाला, "मी असतो, तर मीबी तुमचंच तेल टाकलं असतं, काका."

काकांनी बशीतला चहा तसाच धरून ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते. मी आत जाऊन उगीच भांडी हलवत बसले.