मागं कोन बसनार?

गाडी बघायला नेलं की चाचा आधी चपला काढायचे. बॉनेट उघडणं नाही, इंजिनाला कान लावणं नाही, टायरला लाथ मारणं नाही. मागचं दार उघडून, चपला रस्त्यावर जोडीनं ठेवून, कुणाच्या घरात शिरावं तसे ते आत जायचे आणि दार लावून घ्यायचे. मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून डोळे मिटायचे. बाहेर विकणारा चुळबुळत उभा, घेणारा त्याहून जास्त. बऱ्याच वेळानं काच खाली व्हायची आणि आतून एकच प्रश्न यायचा. “मागं कोन बसनार?”

तुम्हीही कधीतरी गाडी घेतली असेल, निदान घेणाऱ्याबरोबर गेला असाल. आठवून बघा, आपण सगळे पुढे बसून गाडी घेतो. स्टिअरिंग धरायचं, आरशात स्वतःचं तोंड बघायचं आणि मान हलवायची. जुन्या जालन्यातल्या त्या अरुंद गल्लीत, धान्याच्या दुकानांच्या रांगेला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमधला हा एकच मिस्त्री मला भेटला, जो मागून गाडी बघायचा.

माझी त्यांची ओळख झाली आईच्या किडन्यांमुळे. आम्ही तीर्थपुरीचे. मी तिथं शाळेत गणित शिकवतो. दर मंगळवारी आणि शुक्रवारी आईला डायलिसिसला जालन्याला न्यायचं, हा दोन वर्षांचा नेम. एक फेरी चुकली की पाणी तिच्या छातीत चढायचं आणि रात्रभर उशीला टेकून बसून ती श्वास मोजायची. फेरी चुकवायची नाही, एवढंच मला आयुष्यात कळत होतं. बाकी सगळं, शाळा, शेजार, सणवार, मधल्या दिवसांत कोंबलेलं असायचं.

एका शुक्रवारी परतताना भाड्याची जीप चाचांच्या शेडसमोर बंद पडली. आईचा चेहरा राखेसारखा झाला होता. चाचांनी जीपकडे बघितलंच नाही. शेडमध्ये एक खुर्ची होती, म्हणजे कुठल्यातरी भंगारातल्या व्हॅनची सीट, लोखंडी पायांवर वेल्डिंग करून बसवलेली. त्यावरचे पाने-पक्कड उचलून त्यांनी आईला बसवलं. आई टेकली आणि डोळे मिटून म्हणाली, “लई दिसांनी पाठ टेकली, भाऊ.”

त्यांनी पाणी मागवलं. मी त्यांना थांबवलं आणि सांगितलं की हिचं दिवसाचं पाणी मोजलेलं असतं, एका छोट्या तांब्याचं, त्यातच चहा, त्यातच डाळीचं पाणी. चाचांच्या हातात तेव्हा चहाचा ग्लास होता. त्यांनी ग्लासाकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि ग्लास घेऊन शेडच्या पत्र्यामागे गेले.

त्यानंतर प्रत्येक फेरीला, परत निघण्याआधी, आम्ही अर्धा तास तिथं थांबायला लागलो. आई त्या सीटवर बसून थोडी माणसात यायची. चारचा चहा यायचा आणि चाचा ग्लास घेऊन पत्र्यामागे गुप्त व्हायचे. गुप्त म्हणजे त्यांच्या मते. चहा ते असा ओढायचे की समोरच्या तुरीच्या पोत्यांवरची चिमणी उडावी. फुर्रकन आवाज यायचा, आई रस्त्याकडे बघायची, मीही बघायचो.

पुढे डॉक्टरांनी सांगितलं की जीपचे धक्के आता हिला झेपायचे नाहीत, घरची गाडी बघा. मी चाचांना सोबत घेऊन जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याकडे गेलो.

दोन गाड्या होत्या. कंपनी एक, मॉडेल एक. पांढरी होती ती साधी, उंच, दारं रुंद, तोंडावर नुकत्याच रिटायर झालेल्या कारकुनाचा भाव. दुसरी तिचंच स्पोर्टवालं रूप. लाल, जमिनीला चिकटलेली, छत मागे उतरत गेलेलं, पाठीवर पंख, जाड टायर. पुढच्या सीटा अशा, की बसलं की दोन्ही बाजूंनी कुशीत घेतात. त्रेचाळिसाव्या वर्षी, खिशात आईचे रिपोर्ट असताना, मला बऱ्याच दिवसांनी कुणीतरी कुशीत घेतलं.

चाचा पांढरीत बराच वेळ बसले. लालमध्ये शिरताना त्यांची टोपी छताला घासून पडली. बसले ते खड्ड्यात बसल्यासारखे, गुडघे छातीपाशी. दोन मिनिटांत बाहेर आले, तेही दाराला धरून.

“ही चालवनाऱ्याची गाडी हाय, सर. आन ती बसनाऱ्याची. मागं कोन बसनार?”

“आई.”

“मंग मायला आना. शुक्रवारी आना. तिला बसू द्या, मंग बोलू.”

मी हो म्हणालो, आणि इथून पुढचा पराक्रम सर्वस्वी माझा आहे. गुरुवारी मी एकटाच गेलो आणि लाल घेतली.

का, ते मला आजही धड सांगता येत नाही. मी मुलांना शिकवतो की आधी काय दिलंय ते लिहा, मग काय काढायचंय ते. दिलं होतं एक आजारी माणूस, काढायची होती एक गाडी. चौथीचं पोरगंही उत्तर बरोबर देईल. पण पांढऱ्या गाडीत बसलो की समोर तोच रस्ता दिसायचा, दवाखान्याचा, जन्मभर तोच. लालमध्ये बसल्यावर वाटलं, ही दुसरीकडेही जाऊ शकते. कुठं, ते ठाऊक नाही. मला तर दुसरा रस्ताही माहीत नव्हता. बुडणारा माणूस काडीला धरतो म्हणतात. मी पंखाला धरलं.

परतताना शेडवर थांबून चाचांना मी सांगितलं, “आईला दाखवली. तिनंच लाल पसंत केली.”

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. “मंग बराबर,” म्हणाले आणि पाना उचलला.

कागदपत्रं होऊन गाडी सोमवारी घरी आली. मंगळवारी आई दारात उभी राहून गाडीकडे बघत राहिली. “मास्तर, ह्याच्यात मी बसायचं का मला ह्याच्यात भरायचं?” शेवटी भरावंच लागलं. आधी डोकं, मग एक पाय, मग मी मागून ढकलतोय आणि दुसरा पाय बाहेर. बायको म्हणाली, ज्वारीचं पोतंसुद्धा आपण एवढं वाकडं ठेवत नाही. जालन्याला उतरवताना दवाखान्याचे दोन वॉर्डबॉय लागले. पोटात गुडघे खुपसून दीड तास बसल्यामुळे आईला मशीनवर घ्यायच्या आधीच धाप लागली होती. तरी ती म्हणाली, “रंग छान हाय.” ती असं म्हणाली की मला माझी किंमत कळायची.

आधीच्या दोन फेऱ्यांना मी शेडवर थांबणं टाळलं होतं. या शुक्रवारी परतताना चाचांच्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट टेकलं. पुढेही जाईना, मागेही येईना. मी रेस वाढवली, मागं-पुढं केलं, शिव्या दिल्या. आरशात बघितलं तर आईची मान खांद्यावर पडली होती.

डायलिसिसनंतर बीपी कधीकधी एकदम उतरतो. अशा वेळी माणसाला आडवं करायचं आणि पाय वर घ्यायचे, नर्सनं मला दहा वेळा शिकवलं होतं. पण त्या गाडीत आडवं होईल एवढी लांबी कुठंच नव्हती. पुढची सीट मागे पडेना. मागचं दार उघडून मी तिला ओढायला गेलो तर तिचे पाय पुढच्या सीटखाली अडकलेले. मी “आई, आई” करतोय आणि पाय ओढतोय. एवढा हतबल मी कधीच नव्हतो. माझ्याच हातानं निवडलेल्या डब्यात माझी आई अडकून चालली होती आणि डब्याला मागे पंख होता.

चाचा धावत आले. त्या दिवशी त्यांनी चपला काढल्या नाहीत. दुसऱ्या दारातून आत घुसले, पुढच्या सीटखाली हात घालून कसलातरी खटका मोडला, आईचे पाय सोडवले आणि स्वतः त्या खड्ड्यात वाकडे बसून ते पाय खांद्यावर घेतले. बाहेर हमालांना ओरडले, “उचला, जल्दी उचला.” तूर वाहणाऱ्या सहा हमालांनी गाडी उचलून स्पीडब्रेकरवरून उतरवली. मी गाडी फिरवली. दवाखान्यापर्यंत आरशात मला आईची पावलं दिसत होती, चाचांच्या कानाजवळ, भेगा पडलेली.

सलाइन लागलं. तासाभरानं आईनं डोळे उघडले. चाचा कॉटजवळ उभे होते. बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, “माय, तुमीच पसंत केलती ना ही गाडी?”

“मी?” आई म्हणाली. “मला कवा दाखवली ह्यानं?”

मी सलाइनच्या बाटलीतले थेंब मोजायला लागलो. गणिताचा माणूस. चाचा चार शब्द बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

जाताना त्यांनी खिशातून सुतळी काढली. आईची परवानगी घेतली, तिच्या टाचेपासून गुडघ्यापर्यंत सुतळी लावली आणि गाठ मारली. मग गुडघ्यापासून कमरेपर्यंत, दुसरी गाठ. सुतळी खिशात ठेवून मला बाहेर नेलं.

“गाडी वाईट न्हाई, सर. तिला कोनी सांगितलंच न्हाई मागं कोन हाय ते. चावी द्या. मंगळवारी येताना जीपनं या, जाताना गाडीनं जा.”

मंगळवारी शेडसमोर लाल गाडी उभी होती आणि आख्खी गल्ली तिच्याभोवती. स्प्रिंग बदलून ती उंच केलेली, आखूड लेंगा घातल्यासारखी. मागचं बाकडं काढलेलं. पुढची डावी सीट तर गायबच, तिथं नुसती जागा, पाय लांब करण्यापुरती. आणि मागे, लोखंडी पायांवर, सुतळीच्या गाठीच्या उंचीवर, ती शेडमधली सीट. छताला कापडी पट्टा, धरून उतरायला. पंख मात्र त्यांनी तसाच ठेवला होता. का, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

आई पट्टा धरून स्वतःच्या पायांनी आत शिरली. बसली. हात गुडघ्यांवर ठेवून डोळे मिटले. चाचा बाहेर उभे.

“बराबर?”

“बराबर,” आई म्हणाली. मग एक डोळा उघडून, “आता मास्तरची बायको कुठं बसनार?”

काढलेली पुढची सीट त्यांनी शेडच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवली होती. “ठेवतो नीट,” म्हणाले. “लागंल तवा घेऊन जा.” लागंल तवा म्हणजे कधी, ते आम्हा तिघांनाही कळलं. चहा आला. चाचा रंगाच्या डब्यावरून उठले, खुर्ची तर आता उरलीच नव्हती, आणि पत्र्यामागे गेले.

पुढे वर्षभर त्या गाडीनं एकही फेरी चुकवली नाही. तीर्थपुरीची पोरं हसायची, हसू देत. उसाच्या ट्रॉल्यांमागून रांगताना मी पुढे एकटाच आणि मागे आई, राणीसारखी, पाय लांब करून. फेरीगणिक ती हलकी होत चालली होती. पट्टा धरून उतरताना आधी गाडी हलायची, मग हलेनाशी झाली. चाचा दर वेळी बाहेरूनच सीटचे नट आवळायचे, सैल नसले तरी.

गेल्या पावसाळ्यानंतर एका मंगळवारी शेडला कुलूप दिसलं. समोरच्या धान्यवाल्यानं सांगितलं, “शनवारी गेले. छातीत दुखून राह्यलं म्हनले, आन रिक्षा येईपर्यंत गेलेच.”

रिक्षा येईपर्यंत. शंभर गाड्यांच्या मागच्या सीटा ज्यांनी दुसऱ्यांसाठी तपासल्या, त्यांना त्या दिवशी एकही मिळाली नाही. त्यांना मागे बसवून मी एकदाच नेलं होतं, तेही खड्ड्यात, खांद्यावर आईचे पाय.

मी गाडीत येऊन आईला सांगितलं. ती बराच वेळ कुलपाकडे बघत राहिली. त्या कुलपाआड कोपऱ्यात आमची सीट होती, गुंडाळलेली. तिनंही त्याच कोपऱ्याकडे बघितलं असावं. मग म्हणाली, “चहा सांग. एक.”

“आई, पाणी...”

“सांजच्या पान्यातून काप.”

चहा आला. तिनं पट्टा धरला, खाली उतरली, एका हातात ग्लास. आठ पावलांच्या पुढे ती हल्ली चालत नव्हती. पत्र्याच्या मागे जायला पंधरा तरी होती. मी हात द्यायला पुढे झालो.

“तू हितंच थांब,” ती म्हणाली. “त्यानं कवा कुनाला बघू दिलं का?”

पत्र्याला धरत धरत ती गेली. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मी हमालांना हाक मारायच्या बेतात होतो. मग पत्र्यामागून आवाज आला, फुर्रकन, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा.

मी रस्त्याकडे बघत राहिलो.